चारी बटणं एकाच चिन्हावर?

“चारी बटणं, एकच चिन्ह. डोकं वापरायचं काम न्हाई.”

4 जानेवारी 2026, रविवारची सकाळ. कोल्हापूर महापालिकेच्या मतदानाला अकरा दिवस उरलेले. तालमीच्या कट्ट्यावर एक कार्यकर्ता नमुना मतपत्रिका वाटत होता. चिन्हवाटप आदल्याच दिवशी झालेलं, म्हणजे छापखाना रात्रभर जागा असणार. कागदाला अजून शाईचा वास होता. प्रभागात चार जागा, प्रत्येक जागेचा रंग वेगळा: ‘अ’ पांढरा, ‘ब’ फिकट गुलाबी, ‘क’ फिकट पिवळा, ‘ड’ फिकट निळा. प्रत्येक रंगात एकच नाव ठळक, बाकीच्या ओळी कोऱ्या, आणि चारी नावांपुढं तेच चिन्ह. वाटणारा माणूस वाईट नव्हे. रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं तर सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, गाडी घेऊन जाणारा तोच. पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं, आणि पुढच्या अकरा दिवसांत आमच्या गल्लीत जे झालं ते तिथनं सुरू झालं.

प्रभागाचा नंबर, उमेदवारांची नावं, पक्ष यातलं काहीच देत नाही. मुद्दाम. पक्ष कळला की वाचणारा लगेच आपली बाजू पकडून बसतो आणि पुढचं वाचतच नाही. गल्ली जुन्या पेठेतली आहे, एवढं पुरे.

आधी थोडी पार्श्वभूमी

कोल्हापूर महापालिकेची आधीची निवडणूक 1 नोव्हेंबर 2015 ला झाली होती. तेव्हा 81 प्रभाग, 81 नगरसेवक. एका मतदाराला एक मत. नोव्हेंबर 2020 मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासकच होते. 2015 ला तिसरीत असलेला माझा पुतण्या या वेळी पहिल्यांदा मत देणार होता. मधल्या काळात नगरसेवक नावाची वस्तू फक्त ‘माजी’ लावून फ्लेक्सवर दिसायची.

15 डिसेंबर 2025 ला निवडणूक जाहीर झाली तेव्हा जागा त्याच, 81, पण प्रभाग 20. एकोणीस प्रभाग चार जणांचे, एक पाच जणांचा. म्हणजे साधारण चार जुने प्रभाग मिळून एक नवा. पूर्वी उमेदवार कोण, कुणाचा, त्याच्या बापानं काय केलं आणि त्याची म्हैस कुठं बांधलेली असते हे पेठेला पाठ असायचं. आता चारपैकी तीन उमेदवार दुसऱ्याच पेठेतले. नावं ऐकलेली, माणसं न बघितलेली. अशा वेळी मतदाराला सोपं काय पडतं? चिन्ह.

मतमोजणी मात्र चारी जागांची वेगवेगळी होते. ‘अ’ चं मत ‘अ’ मध्येच मोजलं जातं, त्याचा ‘ड’ शी काडीचा संबंध नसतो. यंत्राला पॅनेल म्हणजे काय ते माहीतच नाही. पॅनेल असतं ते फक्त त्या चाररंगी कागदावर आणि आपल्या डोक्यात. ही गोष्ट गल्लीत समजावून सांगताना मला जेवढा वेळ लागला तेवढा दुसऱ्या कशालाच लागला नाही. चांगली शिकलेली माणसं विचारत होती, “वेगवेगळं दिलं तर मत बाद होत न्हाई न्हवं?”

आणि निष्ठा. बाहेरगावच्या लोकांना वाटतं की कोल्हापूर पक्षाला मोजत नाही, माणसाला मत देतं. आम्हालाही तसं सांगायला आवडतं. 2009 ला सदाशिवराव मंडलिकांना पक्षानं तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले आणि खासदार झाले. 2019 ला आघाडीचे उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक होते, पण काँग्रेसच्या सतेज पाटलांनी ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांचं काम केलं आणि मंडलिक निवडून आले. 2024 ला त्याच मंडलिकांच्या विरोधात काँग्रेसकडून शाहू छत्रपती उभे राहिले, तेव्हा पाटील तिकडे. शाहू छत्रपती जिंकले. पक्ष बघून मत देणारं गाव असं वागत नाही, हे खरं. पण म्हणून ते माणूस पारखून मत देतं असंही नाही. आमच्याकडं पक्षाच्या जागी गट असतो. गोकुळ दूध संघाला एक गट, जिल्हा बँकेला तोच, कारखान्याला तोच, बाजार समितीला तोच. खेड्यात दुधाची संस्था, सोसायटीचं कर्ज आणि ऊसतोडीची पाळी या तीन दोऱ्यांनी माणूस गटाला बांधलेला असतो. शहरात दोऱ्या वेगळ्या आहेत: तालीम, मंडळ, आणि अडीनडीला केलेलं काम. पक्षनिष्ठा सोडा म्हणून सांगणं सोपं, कारण पक्ष आम्ही कधी मनापासून धरलेलाच नसतो. गट सोडायचा म्हटलं की मात्र कुणाचं तरी तोंड डोळ्यासमोर येतं.

‘ड’ चा उपकार

आमच्या घरात ते तोंड ‘ड’ च्या उमेदवाराचं होतं.

आबा, म्हणजे माझे चुलते, पंचाहत्तरीला आलेले. त्यांच्या पक्षाचे दोन तुकडे झाले. महाराष्ट्रात 2022 आणि 2023 ला असे दोन पक्ष फुटले, त्यातला एक. कुठला ते ओळखत बसू नका. फूट झाल्यावर आबा आठ दिवस पेपर वाचत नव्हते. नंतर म्हणाले, “झेंडा ह्यांच्याकडं, माणसं तिकडं, आणि आमी कुठं?” म्हणजे पक्षाची निष्ठा तिथंच संपली होती. राहिला होता तो एक माणूस.

2021 चा मे महिना. काकींचा ऑक्सिजन खाली आलेला. शहरात कुठं बेड नाही, फोन लावून लावून बोटं दुखायला लागलेली. तेव्हा या माणसानं पहाटे चारला एका ठिकाणी बेड मिळवून दिला. तेव्हा तो नगरसेवकही नव्हता, सभागृहाची मुदत संपून सहा महिने झाले होते. काकी घरी आल्या. आज आमच्या चुलीपुढं त्या बसतात, त्यात त्या पहाटेचा वाटा आहे, हे मी कधी नाकारलेलं नाही.

त्यामुळं रविवारी दुपारी मी म्हणालो की चारी जागांचा वेगवेगळा विचार करूया, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, “काकीच्या म्होरं बोल हे.”

मला उत्तर सुचायला दोन दिवस गेले. सुचलं तेही अंघोळ करताना. बेड कुणी दिला? ‘ड’ नं. मत कुणासाठी मागतायत? ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ साठी. ‘ड’ च्या उपकारावर बाकीच्या तिघांची वसुली चालली होती. ‘अ’ तर तेव्हा दुसऱ्याच पक्षात होती, ‘ब’ चं नाव आम्ही डिसेंबरात पहिल्यांदा ऐकलं. आबांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण पान खाता खाता थांबले. त्यांना ओळखणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो.

मॅनहोलचा प्रश्न

मी लक्ष्मीपुरीजवळ एका कर सल्लागाराकडं काम करतो. घरफाळ्याच्या हरकती, रिटर्न, बॅलन्सशीट. त्यामुळं उमेदवारांची शपथपत्रं वाचायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. उमेदवाराला आपले गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावं लागतं, ही 2002 आणि 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची देणगी. ही कागदपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. गल्लीतली सहा-सात घरं तयार झाली, माझ्या टेबलावर प्रिंट काढल्या (मालकांना सांगून, कागद माझा), आणि बुधवारी रात्री आमच्या माडीवर बैठक बसली. चहा दोनदा झाला.

पहिला नियम सगळ्यांनी एकमतानं केला: ज्याच्यावर गुन्हा, तो बाद. दहा मिनिटांत तो मोडला.

एका उमेदवाराच्या शपथपत्रात दोन गुन्हे होते. कलमं वाचली: भारतीय दंड संहिता 143 आणि 341, सोबत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं 135. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, जमावबंदी मोडणं. म्हणजे रस्ता रोको. खड्ड्यांसाठी बसलेला माणूस. ज्या गावानं टोलविरोधात वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून डिसेंबर 2015 मध्ये टोल घालवला, ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर ज्या आंदोलनात पुढं होते, त्या गावात असला गुन्हा अंगावर असणं म्हणजे नालायकी काय? उलट दुसऱ्या एकाचं गुन्ह्यांच्या रकान्यात स्वच्छ ‘निरंक’. पण मालमत्तेच्या पानावर गाळे, प्लॉट, प्लॉट, गाळे, आणि उत्पन्नाचं साधन ‘शेती व व्यवसाय’. कुठला व्यवसाय ते नाही. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडं काही नाही. पण एवढ्या मोघम शब्दांत एखादं गिऱ्हाईक माझ्याकडं आलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं. तर शपथपत्र वाचायचं ते कलमासकट. नुसता ‘होय-नाही’ चा रकाना बघून काही कळत नाही.

मग शेजारच्या वैनींनी मुद्दा काढला. “कागद बघून काय करतासा? आपल्या मॅनहोलचं विचारा की त्यास्नी.”

आमच्या मॅनहोलची गोष्ट अशी. गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. तीन महिन्यांत पाण्याच्या लाईनीसाठी तो फोडला. परत केला तेव्हा रस्त्याची पातळी वाढली आणि उतार उलटा पडला. मॅनहोलचं झाकण आता रस्त्यापेक्षा चार बोटं वर आहे. पावसाचं पाणी त्याला वळसा घालून सरळ तळमजल्याच्या तीन घरांत जातं. त्यातलं एक घर वैनींचं. गेल्या पावसाळ्यात त्यांनी उंबऱ्याला सिमेंटची पट्टी मारून घेतली, तर पाणी मागच्या न्हाणीतनं वर आलं. प्रशासकांच्या काळात चार अर्ज झाले. पोच चारीची आहे.

ठरलं: दारात येईल त्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न. हे मॅनहोल का तुंबतं, आणि तुम्ही निवडून आलात तर ते कसं नीट कराल? पक्ष विचारायचा नाही, जात तर नाहीच नाही.

उत्तरं ऐकण्यासारखी होती.

‘ब’ ही जागा सर्वसाधारण महिला. एका पॅनेलच्या बाई हळदी-कुंकवाला आल्या. खरं तर हळदी-कुंकू संक्रांतीला सुरू होऊन रथसप्तमीपर्यंत चालतं, आमच्याकडं त्या वर्षी संक्रांतीच्या आधीच वाण पोचलं. बाई बोलायला चांगल्या. वैनींनी मॅनहोलचं विचारलं आणि दारातनं उत्तर आलं ते त्यांच्या नवऱ्याचं: “करून टाकू की, एक फोनचा विषय हाय!” वैनी म्हणाल्या, “मी तुमास्नी न्हाई विचारलो, ताईस्नी विचारलो.” नवरा हसला. ताईही हसल्या. उत्तर मात्र आलं नाही.

दुसऱ्या पॅनेलच्या बाई एकट्याच आल्या, बचत गटाच्या कामानं पायात वहाण झिजलेली. मॅनहोलपाशी उकिडव्या बसल्या, झाकणावर हात ठेवला, मागं बघितलं, पुढं बघितलं. म्हणाल्या, “हे झाकण खाली घेऊन भागणार न्हाई. पलीकडच्या चौकातली लाईन ह्याच्यापेक्षा वर हाय, पाणी मागं फिरतंय. तेवढा पट्टा बदलाय लागतोय. त्याला बजेटात तरतूद पाहिजे. पहिल्या वर्षात हुईल असं सांगत न्हाई.” वैनींनी आत जाऊन आम्हाला सांगितलं, “हिला कळतंय.” माझ्या मते अख्ख्या निवडणुकीत आमच्या गल्लीत झालेलं सगळ्यात चांगलं भाषण तेच, आणि ते अर्ध्या मिनिटाचं होतं.

‘क’ ला एक अपक्ष उभे होते. शिकलेले, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणारे. पात्रता म्हटली की आमच्यासारख्या लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते हेच रूप. चिन्ह त्यांना 3 तारखेला मिळालं, प्रचार 13 च्या संध्याकाळी बंद. दहा दिवसांत चार जुन्या प्रभागांएवढा मुलूख एकट्यानं पालथा घालायचा म्हणजे मरण. म्हणून मी मनातनं त्यांच्याच बाजूला होतो. ते आले आणि इंदूर शहरानं काय केलं ते वीस मिनिटं सांगत राहिले. मॅनहोलकडं बघितलंही नाही. पुतण्या नंतर म्हणाला, “काका, हे सर हायत. नगरसेवक न्हवंत.” पोराचं बोलणं मला लागलं, कारण पदवी बघून मी निम्मं मत आधीच देऊन बसलो होतो.

त्याच जागेवर पहिल्या पॅनेलकडनं एक माजी नगरसेवक होते. फार गोड माणूस नव्हे. पण खिशातनं वही काढली, आमच्या चारी अर्जांच्या तारखा लिहून घेतल्या आणि लाईन कुठल्या चौकापर्यंत जुनी आहे ते न विचारता सांगितलं. 2015 ते 2020 मध्ये ते आमच्या गल्लीत मोजून तीन-चार वेळा आले असतील. आले तेव्हा वहीत लिहिलेलं काम झालं होतं, हे वैनींनाच आठवलं.

‘अ’ च्या दोन्ही बाई आल्याच नाहीत. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

आणि ‘ड’? तो आला, आबांच्या पाया पडला, काकींची चौकशी केली. ती चौकशी खोटी नव्हती, त्याला औषधांची नावं आठवत होती. मॅनहोलवर म्हणाला, “पहिलं काम तुमचंच.” तेव्हा समोरच्या घरातल्या पोरानं विचारलं की हा काँक्रीटचा रस्ता केला कुणी, ठेका कुणाचा होता? तो “बघाय लागंल” म्हणाला आणि पुढच्या घराकडं गेला. ठेका त्याच्या पाहुण्यांचा होता अशी गल्लीत बोलवा आहे. बोलवाच आहे, कागद कुणी बघितलेला नाही. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर नगरसेवकाचं पद जातं, असं अधिनियमात आहे. म्हणून तर पाहुणे लागतात, हे माझं मत. ते ‘ड’ ला लागू आहे की नाही, मला सांगता येत नाही.

आबांचा मुद्दा

आबांनी इतके दिवस नुसतं ऐकून घेतलं होतं. रविवारी, 11 तारखेला, जेवण झाल्यावर सुपारी कातरत त्यांनी मला विचारलं, “तुझी ती बचत गटाची बाई निवडून आली. सभागृहात हात कुणाचा वर करणार?”

मी म्हणालो, “कामाच्या बाजूनं.”

“येडा हाईस. व्हीप आला की पक्षाच्या बाजूनं.”

आबा बरोबर होते. व्हीप म्हणजे सभागृहात मत कुणाला द्यायचं याचा पक्षाचा हुकूम. लोकांना आमदार-खासदारांचा पक्षांतरबंदी कायदा माहीत असतो, 1985 चा. महाराष्ट्रात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य यांच्यासाठी 1986 चा वेगळा अनर्हता कायदा आहे. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्यानं व्हीप मोडला तर पद जाऊ शकतं. अपक्षालाही निवडून आल्यावर पक्षात उडी मारता येत नाही, फार तर नोंदणी करून आघाडीत बसता येतं. महापौर कोण, तो किती महिन्यांचा, हे पक्षाचे आणि गटाचे नेते ठरवतात. पदांची खांडोळी, म्हणजे एकच पद थोडे थोडे महिने वाटून घेणं, हा शब्द आमच्या शहराइतका दुसरीकडं कुठं रोजच्या बोलण्यात असेल असं वाटत नाही. स्थायी समितीत सोळा जण, तेही पक्षांच्या संख्याबळाप्रमाणं. मोठी टेंडरं तिथं, बजेटही तिथनं पुढं जातं. मग वैनींची बाई कितीही गुणी असली तरी तिच्या पक्षाचे लोक कमी असले तर तिला तिथं खुर्चीच नाही.

“म्हंजे,” आबा म्हणाले, “तू चार पक्षांची चार माणसं निवडून दिलास, तर त्यांची तोंडं चार दिशेला. मॅनहोल तसंच. एका पॅनेलची चार दिलास तर निदान भांडायला एक गिऱ्हाईक तरी हाय.”

हा माझ्याविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा, आणि त्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. थोडं आहे. व्हीप लागतो तो महापौर निवडीला, बजेटला, मोठ्या ठरावाला. गटारीच्या उताराला लागत नाही. नगरसेवकाचं निम्मं काम सभागृहात होतच नाही. ते कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलापुढं होतं, आणि तिथं पक्षापेक्षा विषय कळणं आणि परत परत जाणं कामाला येतं. लोकसभेला मी पक्षाला जास्त वजन देईन, कारण तिथं सरकार ठरतं. महापालिकेला माणसाला जास्त. पण पक्षाला शून्य वजन द्या म्हणणारे लोक बजेटच्या सभेला कधी गॅलरीत बसलेले नसतात, असं माझं निरीक्षण आहे. मीही एकदाच बसलोय.

आबांना मी उलट एक विचारलं. 1985 ला एन. डी. सरांना तुम्ही मत दिलंत ते शेकापला की सरांना?

“सरास्नी,” आबा पटकन म्हणाले. मग सुपारी बाजूला ठेवून, “पण सर पक्ष सोडून कदी गेले न्हाईत. म्हणून तर दोन्ही एकच वाटायचं. आता तसं एक तरी दाखव.”

मी दाखवू शकलो नाही.

15 तारीख

13 ला भोगी, प्रचार थांबला. 14 ला संक्रांत. तिळगुळाच्या नावाखाली त्या रात्री काय काय फिरलं ते सांगायला नको, लक्ष्मीदर्शन हा शब्द महाराष्ट्रभर चालतो. आमच्या सात घरांतल्या एका घरानं पाकीट घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, “घेतलो, पण मत आपल्याला पायजे तितंच दिलो.” यावर माडीवरच्या मंडळींत अजून बोलणं बंद आहे. मला विचाराल तर घेतलेल्या पैशाचं ओझं मतावर राहत नसलं तरी जिभेवर राहतं. मॅनहोलचं काम मागायला त्या घरातनं आता कुणी पुढं येणार नाही.

गुरुवारी सकाळी आबांना घेऊन शाळेच्या केंद्रावर गेलो. आत वेळ लागत होता. चार मतं द्यायची, प्रत्येक वेळी त्या त्या रंगाच्या कागदासमोरचं बटण, आणि चौथं दाबल्यावरच लांब आवाज. मधल्या कुठल्या जागेवर कुणीच नको असेल तर तिथं ‘वरीलपैकी कुणी नाही’ दाबायचं. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आलेलं हे बटण लोकसभेत नुसतं निषेधापुरतं राहतं. आमच्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 ला मात्र ठरवलं की स्थानिक निवडणुकीत त्याला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक घ्यायची. हे गल्लीत फार थोड्यांना माहीत होतं.

आबा आत गेले आणि बराच वेळ आवाजच नाही. अधिकारी म्हणाला, “आजोबा, अजून एक राहिलंय.” परत शांतता. मग लांब आवाज. बाहेर आल्यावर आबा कुरकुरले की चिठ्ठी दिसलीच नाही. त्यांना लोकसभेच्या यंत्राजवळची ती काचेतली चिठ्ठी हवी होती. ती महापालिकेला नसते.

माझं म्हणाल तर ‘अ’ ला मी सरळ पक्ष बघितला. दोघींबद्दल काहीच माहीत नव्हतं. माहीत नसेल तिथं पक्ष ही निदान एक माहिती आहे. ‘ब’ ला मॅनहोलपाशी बसलेल्या बाई. ‘क’ ला वहीवाले माजी नगरसेवक, पहिल्या पॅनेलचे. ‘ड’ ला आल्यावर माझं बोट थांबलं. तीन नावं, खाली ते शेवटचं बटण, आणि डोळ्यासमोर मे महिन्यातली पहाट. काय दाबलं ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. इथंही सांगत नाही.

16 ला मोजणी. माझी निवड काही जागांवर लागली, काहींवर गेली. कुठं ते सांगितलं तर प्रभाग ओळखू येईल. केंद्रनिहाय आकडे बघितले तर आमच्या शाळेत एकाच पॅनेलच्या ‘ब’ आणि ‘ड’ मध्ये ठळक फरक होता. म्हणजे चारी बटणं एकाच चिन्हावर न दाबणारे आम्ही सात घरंच नव्हतो. बाकीच्यांनी माणूस पारखून तसं केलं, की दुसऱ्या कुठल्या गटाच्या सांगण्यावरनं, ते आकड्यावरनं कळत नाही. माझा अंदाज, दोन्ही.

त्या दिवशी दुपारी फोनवर निकाल बघत बसलो होतो. आबा आतनं आले. ‘ड’ चं काय झालं ते विचारतील म्हणून मी तयारीत होतो.

“ती उकिडवी बसल्याली बाई,” आबा म्हणाले, “तिचं काय झालं?”

मी फोन खाली ठेवला. “आबा, ‘ब’ ला तुमी काय केलासा?”

“‘ड’ ला तू काय केलास?”

काकी स्वयंपाकघरातनं म्हणाल्या, “चहा टाकू का दोघास्नी?”